कुलूपवाल्याचं तरंगतं घर

कुलूपवाल्याने जन्मभर लोकांची कुलपं दुरुस्त केली, त्यामुळे त्याचा माणसांवर काडीचा विश्वास नव्हता. स्वतःच्या दाराचं कुलूप तीनदा ओढून पाहिल्याशिवाय तो कधी जिना उतरला नाही. आता दुकान भाच्याच्या हवाली करून तो शिडाच्या बोटीवर राहायला आला होता, तेही बायकोच्या हट्टापायी. रोज समोरची तीच भिंत बघून ती विटली होती.

पहिल्याच सकाळी दोघं भाजी आणायला निघाली. त्याने बोटीचा दोर धक्क्यावरच्या खांबाला घाईघाईने गुंडाळला आणि केबिनच्या दाराला आपलं सगळ्यात दणकट कुलूप घातलं. तीनदा ओढलं.

"आता चोराच्या बापालाही उघडणार नाही," तो म्हणाला.

परत येऊन बघतात तर खांब रिकामा. घर हातावर तुरी देऊन निघालं होतं आणि खाडीच्या मध्यावर निवांत डुलत होतं. कुलूपवाल्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. बायको पिशवीशेजारी बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"अहो, कुलूप मात्र जागच्या जागी आहे हं."

शेवटी एका मासेवाल्याने आपल्या होडीने बोट ओढून आणली.

संध्याकाळी भाच्याचा फोन आला. "काय मामी, कुठवर फिरून आलात?"

मामीने बाहेर पाहिलं. मामा खांबाशी वाकून दोराची गाठ तिसऱ्यांदा ओढून बघत होते.

"आम्ही कुठले रे," ती म्हणाली. "घर तेवढं फिरून आलं."