सोनझऱ्याचं पाणी

एलिसा फुर्ट्याडोला रस्ता विचारायची सोय नव्हती. बस स्टॉप कुठे आहे एवढंच विचारलं तरी ती "तुमची पावलं लांब पडतात की आखूड?" असं उलट विचारायची आणि वाटेतल्या चिंचेपासून गिरणीपर्यंत सगळं सांगत बसायची. आम्ही दोघांनी एकाच शाळेत सत्तावीस वर्षं काढली. ती भूगोलाची बाई, मी चित्रकलेचा मास्तर. "मी शिकवते आणि मार्सेल मुलांना आराम देतो," असं ती स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत म्हणायची. मीही तिला सोडत नसे. लग्न केलं नाहीस ते बरं झालं, नवऱ्याला तू अक्षांश-रेखांश लावले असतेस, असं मी तिला दर नाताळला ऐकवायचो.

या बाईने किशोरांसाठी जंगलातल्या साहसाच्या सात कादंबऱ्या लिहिल्या. सातही पुस्तकांची नायिका एकच, रेणू नावाची मुलगी. ती पहिल्या पुस्तकात पंधरा वर्षांची होती आणि सातव्यातही पंधराच. म्हातारे झालो ते आम्ही. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक नकाशा असायचा आणि तो मी काढायचो. प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर एकच ओळ असायची: "या पुस्तकातली प्रत्येक वाट लेखिकेने स्वतः चालून पाहिली आहे."

ती ओळ खरी होती. दिवाळी संपली की एलिसा दर शनिवारी वसईजवळच्या जूचंद्रला जायची. तिथे शांताराम नावाचा एक गृहस्थ राहतो. घरची भातशेती, पण अर्धा जन्म मागच्या डोंगरात गेलेला. तो पुढे आणि ही मागे. डब्यात ऑम्लेट-पाव, डोक्यावर छत्री आणि डाव्या खिशात मूठभर चिंचोके. शंभर पावलं झाली की एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात. घरी आल्यावर उजवा खिसा रिकामा करायचा, चिंचोके मोजायचे आणि वहीत लिहायचं. वडापासून फुटक्या कातळापर्यंत एकोणीस चिंचोके. तिच्या पुस्तकांत रेणूही असेच चिंचोके मोजते आणि तिचं पाहून वसई-विरारची पोरं शाळेच्या मैदानावर चिंचोके घेऊन फिरायची. मला हसू यायचं, पण तिचा हेवाही वाटायचा. माझ्या चित्रकलेचं कुठल्या पोराने खिशात काही घेतलं नाही.

गडबड सातव्या पुस्तकात झाली.

त्यात रेणू मे महिन्यात जंगलात एकटी अडकते. जवळ एकच बाटली. सव्वाशे पानं ती चालते, बाटली संपते, ओठ फुटतात आणि शेवटी तिला कातळाच्या पोटात थंडगार पाण्याचा झरा सापडतो. एलिसाने त्याला नाव दिलं सोनझरा. झरा खरा होता, पण तो डोंगराच्या पलीकडच्या घळीत होता आणि होळीपर्यंत आटायचा. अलीकडच्या कातळात फक्त ओल दिसायची, तीही पावसाळ्यानंतर दोन महिने. एलिसाने तो झरा उचलला, अलीकडे आणला आणि त्यात मे महिन्याचं पाणी भरलं.

तेव्हा तिचा उजवा गुडघा गेला होता. शेवटचा टप्पा ती काठी टेकत कशीबशी चालली होती. शांतारामने तिला तिथेच सांगितलं होतं, "बाय, तुमी लिवा कायपन, पन होलीनंतर तिकरं पानी नसतं." हे तिनेच मला नकाशा काढताना सांगितलं.

"मग कशाला दाखवतेस?" मी म्हणालो.

"मार्सेल, सव्वाशे पानं चालवलंय पोरीला. पाण्यावाचून मारू का तिला आता?"

"आणि पहिल्या पानावरची ओळ?"

"ओळ वाटेबद्दल आहे. वाट मी चाललेय. पाण्याबद्दल मी काहीच म्हटलेलं नाही."

भूगोलाच्या बाईने वकिलासारखं बोलावं याची मला गंमत वाटली. मी हसलो आणि ब्रश निळ्या रंगात बुडवला. सोनझरा मी फार सुंदर काढला. कातळाची सावली, नेच्याची पानं आणि मध्ये निळंशार पाणी. इतका जीव मी कुठल्याच नकाशात ओतला नव्हता. आज त्या हाताची लाज वाटते.

गेल्या वर्षी मे महिन्यात, एका मंगळवारी दुपारी अडीचच्या सुमारास एलिसाचा फोन आला. "मार्सेल, गाडी काढ." एवढंच. आवाज तिचा वाटत नव्हता. मी माझी जुनी व्हॅन घेऊन गेलो तेव्हा ती फाटकाशी उभी होती. एका हातात काठी, दुसऱ्या हातात सातवं पुस्तक.

ऋतिका नावाची पंधरा वर्षांची मुलगी. वसईच्या एव्हरशाईन सिटीत राहणारी. आचोळ्याला मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते असं आईला सांगून सकाळी सहाला घराबाहेर पडली होती. दुपारी आईने फोन केला तर लागेना. मैत्रिणीला विचारलं तेव्हा तिने रडत सांगितलं की ऋतिका सोनझरा बघायला गेली आहे. फेब्रुवारीत एलिसा त्यांच्या शाळेत बोलायला गेली होती. तिथल्या बाईंकडून नंबर घेऊन आईने एलिसालाच फोन केला होता.

"पाणी किती घेतलंय तिने?" गाडीत बसल्यावर मी विचारलं.

एलिसा समोर बघत म्हणाली, "एक बाटली. पुस्तकात लिहिलंय ना, ओझं कमी घ्या, पुढे भरून मिळेल."

मी गाडी जूचंद्रकडे वळवली.

जूचंद्रला शांतारामच्या अंगणात माणसं जमली होती. वनखात्याचे तिघे, गावचे सात-आठ तरुण आणि प्लास्टिकच्या खुर्चीच्या कडेला टेकलेली ऋतिकाची आई विनिता. वडील मुंबईहून निघाले होते. सगळ्या मोबाईलवर माझा नकाशा होता. कुणीतरी फोटो काढून सगळ्यांना पाठवला होता. एक तरुण त्यावर बोट ठेवून म्हणाला, "हे बघा, ती झऱ्यापाशीच बसली असेल. पाणी आहे तिथे. काही घाबरायचं काम नाही."

विनिताच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. एलिसा काठीवर उभी होती. तिला गप्प बसता आलं असतं. शांताराम होता ना सगळं जाणणारा, त्याने वाटेत त्या पोरांना बाजूला घेऊन सांगितलं असतं. पण एलिसा म्हणाली, "तिथे पाणी नाही."

"आत्ता आटलंय का?" विनिताने विचारलं.

"कधीच नव्हतं. मी तसं लिहिलंय."

विनिता अगदी हळू म्हणाली, "पण बाई, तुम्ही चालून बघितलं होतं ना?"

वर्गात कुणी चुकीचं उत्तर दिलं की त्याला दहा मिनिटं झापणारी एलिसा खाली जमिनीकडे बघत राहिली. मी काढलं ते चित्र, असं मी म्हणायला हवं होतं.

शांतारामने कमरेला कोयता अडकवला, पाण्याचे दोन कॅन पोरांच्या खांद्यावर दिले आणि निघाला. जाताना एलिसापाशी क्षणभर थांबला. मला वाटलं, बोलेल. मी सांगितलं होतं म्हणेल. तो म्हणाला, "बाय, बसा. पाय दुकंल."

एलिसा बसली नाही. ती काठी टेकत बांधापर्यंत गेली, बांधावर चढायचा प्रयत्न केला, गुडघा वळेना. दुसऱ्यांदा केला. मी धरायला गेलो तर माझा हात झटकला. तिसऱ्यांदा ती बांधालाच टेकली आणि डोंगराकडे बघत बसली. ज्या डोंगराचं पाऊल न् पाऊल तिच्या वहीत होतं, त्या डोंगरात तिला शंभर पावलं जाता येत नव्हतं. "पाणी मिळालं नाही की ती ओढ्याच्या कोरड्या पात्राने खाली उतरेल," ती पुटपुटत होती. "रेणू तशीच उतरते. पण तिथलं पात्र खाली कड्यावर तुटतं, मार्सेल. रेणूचं पात्र पलीकडचं आहे." तिने हे वनखात्याच्या माणसालाही सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, वायरलेसवर पुढे कळवलं. पण दोन घळी, चार ओढे आणि उतरतं ऊन. अंधार पडल्यावर माणसं हात हलवत खाली आली. ती रात्र विनिताने आणि एलिसाने एकाच पडवीत काढली.

सकाळी नऊला पोरगी सापडली. लाकडं गोळा करायला गेलेल्या एका बाईला टण् टण् आवाज आला. कड्याच्या तोंडाशी, दोन दगडांत घोटा अडकून पडलेली ऋतिका स्टीलची रिकामी बाटली दगडावर आपटत होती. शांतारामने तिला पाठीवर खाली आणलं. घोटा मोडलेला, ओठ काळे पडलेले, पण जिवंत. त्यात एलिसाच्या सांगण्याचा काही उपयोग झाला, असं मला म्हणता आलं असतं तर बरं वाटलं असतं. नाही झाला. लाकडं गोळा करणारी ती बाई तिकडे रोजच जायची.

पाचव्या दिवशी विनिताने आम्हाला दवाखान्यात येऊ दिलं. तिने आवाज चढवला नाही, बसायला स्टूलही दिलं. चार शिव्या दिल्या असत्या तर आम्हाला सोपं गेलं असतं. ऋतिका मात्र एलिसाला बघून उठूनच बसायला लागली. उशाखालून तिने प्लास्टिकची पिशवी काढली. आत चिंचोके.

"बाई, माझंच चुकलं," ती म्हणाली. "फुटक्या कातळापासून एकतीस झाले तरी झरा आला नाही. माझी पावलं लहान पडतात ना, मी पस्तीसपर्यंत जायला हवं होतं. मी लवकर वळले."

एलिसाने पिशवी हातात घेतली. "नाही गं बाळा. तू बरोबर मोजलंस. एकतीसच. तू अगदी बरोबर जागी पोचलीस. तिथे पाणी नाहीच. मी खोटं लिहिलं."

पोरीने आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि चक्क हसली. "मला वाईट वाटू नये म्हणून म्हणताय ना?"

"खरंच सांगतेय."

"पण पहिल्या पानावर लिहिलंय की, बाई."

एलिसाने आणखी दोनदा सांगितलं. मीही सांगितलं की निळा रंग मी भरला. ऋतिका समजूतदारपणे मान हलवत राहिली, म्हाताऱ्या माणसांचं मन राखावं तशी. जिने सत्तावीस वर्षं पोरांना खरं काय ते घोकायला लावलं, तिचं एक खरं वाक्य त्या पोरीने काही केल्या घेतलं नाही.

त्यानंतर एलिसाने एक ओळ लिहिलेली नाही. आठवं पुस्तक अर्ध्यात आहे, रेणू कुठल्याशा गुहेत बसलीय, बसू दे म्हणते. प्रकाशकाने भल्या मनाने सातव्या पुस्तकाची छपाई थांबवली. पण बाहेर गेलेल्या तीन हजार प्रतींचं काय? एलिसाने शाळाशाळांच्या ग्रंथालयांत फोन केले. काहींनी पुस्तक काढून ठेवलं. एका ग्रंथपालबाई आनंदाने म्हणाल्या, "अहो, त्या मुलीचं ऐकल्यापासून तर पोरं रांग लावतायत. तीन प्रती आहेत, तीनही बाहेर आहेत." आणि माझा नकाशा तर पुस्तक सोडून एकटाच या मोबाईलवरून त्या मोबाईलवर फिरतोय. त्यावर पहिलं पान नाही, शेवटचं पान नाही, नुसतं निळंशार पाणी. थेंबाने गेली ती हौदाने येत नाही म्हणतात. आमचा तर थेंबही नव्हता.

यंदा होळी झाली तशी एलिसा मला घेऊन जूचंद्रला गेली. व्हॅनमध्ये तिने एक मोठा माठ ठेवला होता, जुन्या गोणपाटात गुंडाळून. शांतारामने वनरक्षकाला विचारून तो माठ त्या कातळाच्या पोटात, जिथे माझ्या नकाशात सोनझरा आहे, बरोबर तिथे नेऊन ठेवला. वर लाकडी झाकण, झाकणावर दगड, पेला साखळीने बांधलेला. दर दोन दिवसांनी तो वर जातो आणि माठ भरतो. बैल गेला आणि झोपा केला, असं माझ्या ओठांवर आलं होतं. मी गिळलं.

"हे किती दिवस चालणार?" मी विचारलं.

"पुस्तकं फाटेपर्यंत," ती म्हणाली.

परवा आम्ही गेलो तेव्हा शांताराम नुकताच खाली उतरला होता. अंगणात पायरीवर बसून पाय चेपत होता. तोही आता पासष्टीचा झाला. एलिसाने खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं, "भरला?"

"भरला. पन बाय, आज अर्दा झालेला."

"आटला असेल. ऊन किती आहे."

"एवरा नाय आटत."

"मग माकडं प्यायली असतील," मी म्हणालो. मला तसंच हवं होतं.

शांतारामने मान हलवली. "वांदर पानी पियेल. पन झाकन परत लावून वर दगड नाय ठेवनार."

एलिसा डोंगराकडे बघत होती. मग तिने विचारलं, "वर कुणी दिसलं? उतरताना?"

"नाय."

"हाक मारलीस?"

"मारली. दोनदा."

तिने काठी उचलली, परत ठेवली. "शांताराम, रोज जाशील का?"

शांताराम आपल्या पायांकडे बघत राहिला, आणि मी त्याच्या पायांकडे.