एका रात्रीचा चोर

शाळेच्या सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या मामांच्या कमरेला असत. मामा दिसायच्या आधी त्या किल्ल्या ऐकू यायच्या. नोकरी शिपायाची, पण रुबाब असा की घंटेची वेळ चुकली तर चूक सूर्याची धरावी. सकाळी दारं-खिडक्या उघडायच्या, बाकं पुसायची, पाणी भरायचं, आणि पोरांनी विसरलेल्या वस्तू कपाटातल्या डब्यात जपून ठेवायच्या. अर्धं झिजलेलं खोडरबर का असेना, ते धन्याच्या हाती पडेपर्यंत मामांना चैन नसे.

अशा माणसाला साऱ्या वस्तीनं नाव ठेवलं होतं घड्याळचोर.

हे नाव कसं पडलं ते सांगायचं तर आधी सरांबद्दल सांगितलं पाहिजे. सर इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र शिकवत. पुस्तक वाचून दाखवणारे मास्तर ते नव्हेत. बाकं सरकवून ते वर्गात नदी वाहवत, तिला पूर आणत, आणि गाव कुठं वसवायचं ते मुलांनाच ठरवायला लावत. बाटल्यांच्या बुचांची नाणी करून बाजार भरवत. मुलांचं न्यायालय बसवत. मुलं त्यांच्यावर जीव टाकायची. मामाही हातातला झाडू थांबवून दाराशी ऐकत उभे राहायचे.

एकदा सर त्यांना म्हणाले, "मामा, एक मदत करा. इतिहास साक्षीपुराव्यावर उभा असतो, हे पोरांच्या गळी उतरत नाही. मी शिकवत असताना तुम्ही आत यायचं, टेबलावरचं माझं घड्याळ उचलायचं आणि पळायचं. मी चोर चोर म्हणून ओरडेन. मग प्रत्येकानं काय पाहिलं ते लिहायचं."

मामांना गंमत वाटली. ते आत गेले, घड्याळ उचललं, धूम ठोकली आणि पाण्याच्या टाकीमागे बसून पोट धरून हसले. मुलांनी लिहिलेलं सरांनी नंतर वाचून दाखवलं. कुणी लिहिलं, सदरा लाल होता. कुणी लिहिलं, हातात सुरा होता. एकानं तर मामांना खिडकीतून उडी मारायला लावली होती. "माझे गुडघे बघा आणि त्याची उडी बघा," मामा म्हणाले, आणि दोघं पुन्हा हसले.

पण सरांचा एक नियम होता. खरं काय ते त्याच दिवशी सांगायचं नाही. रात्रभर मुरू द्यायचं. दुसऱ्या दिवशी मुलांच्या आठवणीला आणखी फाटे फुटलेले असतात, तेही दाखवता येतं. धडा म्हणून सोन्यासारखा. फक्त त्या एका रात्री काय होतं याचा विचार सरांनी केला नाही, आणि खरं सांगायचं तर पहिल्या वर्षी मामांनीही केला नाही.

खोटं त्याच संध्याकाळी दप्तरात बसून घरोघर गेलं. खरं दुसऱ्या दिवशी वर्गात आलं आणि वर्गातच राहिलं. घरी जाऊन 'आई, काल मी सांगितलं ना, ते नाटक होतं' असं कोण पोर सांगतं? आपण फसलो हे सांगायची हौस कुणाला असते? वरच्या वर्गातली मुलं खालच्यांना सावध करत नसत. आपण फसलो, आता त्यांना फसू दे.

दरवर्षी नवा वर्ग, दरवर्षी तीच रात्र. आधी लोक चेष्टेनं म्हणायचे. मामा हसण्यावारी न्यायचे. मग चेष्टेतली चेष्टा गळून गेली आणि नाव तेवढं उरलं. प्रयोगशाळेतली वजनं हरवली तेव्हा सगळ्यांत आधी मामांच्या खोलीची झडती झाली. वजनं पुढं कपाटामागे सापडली. झडतीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. एका मुलीची आई तर मुख्याध्यापकांना तोंडावर विचारून गेली, "यांच्याकडे किल्ल्या कशा ठेवता तुम्ही?" मामा तिथंच चहाचे कप गोळा करत होते. कप हातातून सुटला नाही, एवढंच.

त्या दिवसापासून राग त्यांच्या पोटात मुक्कामाला आला. पण पाण्यात राहून माशाशी वैर कोण धरणार? शिवाय सर वाईट नव्हते. वाईट माणसावर रागावणं सोपं असतं. चांगल्या माणसावरचा राग बाहेर काढायला दार सापडत नाही, तो आतल्या आत भिंतींना धडका देतो.

या वर्षी मामांची नात त्या वर्गात आली.

मुलाची मुलगी. शाळेत ती इतरांसारखी त्यांना मामाच म्हणायची आणि फाटकाबाहेर पाऊल पडलं की आजोबा. तिच्या वेणीची रिबन सुटली तर मामा घंटा बाजूला ठेवून बांधत. नाव तिच्या कानावर होतं, पण त्यामागचं नाटक तिला ठाऊक नव्हतं. मामांनी सांगितलं नव्हतं. गुपित ठेवायचा सरांना शब्द दिलेला होता, आणि लाजही वाटत होती.

सरांनी त्यांना बोलावलं. चेहरा आनंदानं फुलला होता. "मामा, या वेळी बाहेरच्या शाळांतले शिक्षक आपला पाठ बघायला येतायत. आपली कीर्ती पसरली."

"सर, या वर्षी मला नको."

"का हो?"

"नात आहे वर्गात."

"अहो, मग तर उत्तमच," सर म्हणाले. "जवळच्या माणसाची साक्ष कशी असते, तेही दाखवता येईल."

मामांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी आवाज खालीच ठेवून ते म्हणाले, "एक करू. या खेपेला चोर तुम्ही व्हा. मी टेबलावर किल्ल्या ठेवतो, तुम्ही उचला, मी ओरडतो."

सर मनापासून हसले. "मुलांना पटणार नाही, मामा."

"आणि माझं पटतं?"

 टेबलावरची पट्टी सरांनी उगाच सरळ केली. मग म्हणाले, "तसं नाही हो. एवढं एकदा. पाहुणे येऊन ठेपलेत."

तो दिवस आला. मागच्या बाकांवर पाहुणे शिक्षक गुडघे दुमडून बसले होते. फळ्याशी सर, टेबलावर घड्याळ. मामा दाराबाहेर उभे होते. आत जायचं नाही असं त्यांनी दहा वेळा ठरवलं आणि दहा वेळा मोडलं. शेवटी पायांना सवय होती, पाय आत गेले. हातानंही सवयीनं घड्याळ उचललं.

"चोर! अरे, धरा त्याला!" सर ओरडले.

पाय दाराकडे वळले. जाता जाता मामांची नजर तिसऱ्या बाकाकडे गेली. सगळी पोरं माना उंचावून त्यांच्याकडे बघत होती. नात बघत नव्हती. तिची मान खाली होती, कान लाल झाले होते, आणि शेजारची मुलगी तिच्यापासून हळूच अंग चोरून घेत होती. वीतभर सरकली असेल.

मामा थांबले. त्यांनी आतून दार लावलं.

"मी पळणार नाही," ते म्हणाले. "लिहा. सदरा खाकी आहे, नीट बघून घ्या. सुरा नाही. हे घड्याळ सरांनी स्वतः इथं ठेवलं आणि ते उचलायला मला सांगितलं. दरवर्षी सांगतात. दरवर्षी मी उचलतो, आणि दरवर्षी एक रात्र तुमच्या घरांत मी चोर असतो. तुम्ही दुसऱ्या दिवशी शहाणे होता. तुमच्या घरचे होत नाहीत. माझ्या खोलीची झडती झाली. त्या झडतीची साक्ष कुणी लिहिली? सर, ती शिकवा. घटना घडवायची, माणूस बदनाम करायचा आणि वर त्याच्यावर मार्क द्यायचे, याला इतिहास म्हणतात का?"

आवाज चढला होता. कमरेच्या किल्ल्या थरथरून वाजत होत्या. 

आणि मागच्या बाकांवर टाळ्या सुरू झाल्या.

"काय अभिनय आहे," एक पाहुण्या बाई शेजारणीला म्हणाल्या. "शिपाईसुद्धा इतका तयार केलाय." पाहुण्यांचं बघून मुलांनीही टाळ्या धरल्या. सर फळ्याशी उभे होते, पांढरेफटक. हे नाटक नाही, असं म्हणायला त्यांना एक क्षण पुरला असता. तो क्षण त्यांनी जाऊ दिला आणि मान किंचित लववून टाळ्या घेतल्या.

मामांनी घड्याळ टेबलावर ठेवलं. आपटलं नाही, काच फुटली असती तर तीही त्यांच्याच नावावर गेली असती.

पाहुणे गेल्यावर सर टाकीपाशी आले. "मामा, तुमचं म्हणणं मला कळलं. खरंच कळलं. पण पाठ फार रंगला हो. पुढच्या वर्षी असाच शेवट ठेवला तर..."

"सर," मामा म्हणाले, "मघाशी पाहुण्यांसमोर तुम्ही बोलला नाहीत. मी तुमच्यासाठी इतकी वर्षं चोर झालो. तुम्हाला माझ्यासाठी एक वाक्य बोलता आलं नाही. आता पुढच्या वर्षाचं मला सांगू नका."

सर निघून गेले.

शाळा सुटली.  फाटकाबाहेर नात आजोबा म्हणेना, मामाही म्हणेना. दप्तर घ्यायला मामांनी हात पुढं केला, तिनं दिलं नाही. कोपऱ्यावर ती एकाएकी वळली.

"नाटक होतं की खरं होतं?"

"खरं होतं."

"मग पहिल्या वर्षीच का नाही बोललात?"

"पहिल्या वर्षी मला मजा आली गं."

"आणि नंतर?"

नंतरचं मामांना सांगता येईना. भीती म्हणावं, तर ती एकट्या भीतीची गोष्ट नव्हती. सरांवरचं प्रेम म्हणावं, तर मघाशी त्याचा हिशोब झाला होता. 

"माझ्याशी बोलू नका," नात म्हणाली. "ती सरकून बसली माझ्यापासून. तुम्ही आधी बोलला असता तर कुणी सरकलं नसतं."

ती तरातरा पुढं निघाली. मामांनी तिला हाक मारली नाही, समजूतही घातली नाही. तिचा राग रास्त होता, आणि रास्त राग गिळायला लावला की माणसाचं काय होतं हे त्यांच्याइतकं त्या रस्त्यावर कुणाला ठाऊक होतं? ते चार पावलं मागं राहून चालू लागले. वाटेत एका वर्गमैत्रिणीच्या दाराशी नात थांबली. दारात मैत्रिणीची आई उभी होती.

"काकू," नात तिला म्हणाली, आवाज रागानं फाटलेला, "ती घरी आली की आज वर्गात काय झालं ते विचारा. नाटक नव्हतं ते. आणि उद्यावर ढकलू देऊ नका. आजच विचारा."

मग ती पुढच्या दाराकडे वळली.