ताइस्तोच्या डब्यातली बारूद

ओनेर्वा केम्पाइनेनचा नेम गावात सगळे मानत. तिच्या स्वयंपाकाबद्दल मात्र कुणी तोंड उघडत नसे. आयुष्यभर तिने दुधाचा टँकर चालवला, आणि शरदात मूस या थोराड हरणाच्या शिकारीला सगळ्या पुरुषांच्या बरोबरीने दलदलीच्या कडेला उभी राहिली. घरात चाळीस वर्षं एकच वाटणी होती: काडतुसं तिच्या नवऱ्याने, ताइस्तोने भरायची, गोळी ओनेर्वाने झाडायची. रायफल तिच्या सासऱ्यांची, इतकी जुनी की दुकानांनी तिची काडतुसं ठेवणं केव्हाच सोडलं होतं. घरी भरल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

मार्चमध्ये ताइस्तो गेला. मागे अर्धा डबा बारूद राहिली, आणि ती बारूद आता कारखाना बनवतही नव्हता. त्यात ओनेर्वाच्या नेमबाजी परीक्षेच्या दाखल्याची मुदत याच वर्षी संपली होती. परीक्षा नाही तर शिकार नाही, आणि शिकार नाही तर तो सबंध शरद एकटीने खिडकीत बसून काढायचा. तिला त्याचीच धास्ती होती.

दुकानदाराने तिला दुसरी बारूद दिली. "दिसायला जुळी बहीण, जळायलाही जवळजवळ तशीच," तो म्हणाला. "पण या 'जवळजवळ'वर जाऊ नकोस. काडतुसात घालायचं जुनं वजन विसर. पुस्तकातल्या सगळ्यात कमी वजनापासून सुरू कर."

ओनेर्वाने मान डोलावली आणि मनाशी ठरवलं, ही सरावाला. परीक्षेला आणि शिकारीला ताइस्तोचीच. त्या डब्यातून भरलेलं काडतूस हातात असलं की तो शेजारी उभा आहे असं तिला वाटे.

शेडमधल्या भरायच्या टेबलावर एका वेळी एकच डबा, आणि उठण्याआधी यंत्राचं नरसाळं रिकामं, हे ताइस्तोचे दोन नियम. ओनेर्वाने दोन्ही एका दुपारी मोडले. शिकारी टोळीचा म्होरक्या ओइवा कॉफीला टपकला, आणि ओइवा एकदा बसला की सॉनाची भट्टी तापून थंड होईपर्यंत उठत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेडमध्ये आली, नरसाळ्यात बारूद दिसली, आणि तिने सवयीने ती ताइस्तोच्या डब्यात ओतून झाकण लावलं. मग तिला नवा डबा दिसला. तोही टेबलावर, उघडाच.

तिने झाकण पुन्हा उघडलं. नरसाळ्यात कुठली होती? आणि कालची काडतुसं कुठल्या बारुदीची? दोन्हीचे तेच करडे, बारीक तुकडे. तिने ओइवाला बोलावलं.

"अगं, वास घेऊन बघ," ओइवा म्हणाला.

"वास घेऊन? कुत्रा आहेस का तू?"

"बहिणी-बहिणीच ना? मिसळल्या तर मिसळल्या. मूसला काय कळणार आहे?"

"मूसला नाही कळणार. रायफलचा मागचा बोल्ट उडून गालात बसला की मला कळेल."

"म्हणजे ताइस्तोची शेवटची बारूद फेकून देणार? करवेल तुला?"

तिला करवणार नव्हतंच. अंत्यविधीला सगळ्या गावासमोर कोरडी राहिलेली ओनेर्वा शेडच्या पायरीवर बसली आणि हुंदके देऊन रडली. ओइवा बिचारा टोपी हातात घेऊन उभा राहिला. मग तिला रागच आला. "मेल्या," ती शेडमधल्या ताइस्तोच्या रिकाम्या खुर्चीला म्हणाली, "नियम तू लावलेस आणि पाळायला मला ठेवलंस!"

तिने ताइस्तोचा डबा उचलला आणि सगळी बारूद परसातल्या गवतावर पातळ पसरून टाकली. कालच्या काडतुसांतल्या गोळ्या दोघांनी मिळून गोळ्या उपसायच्या खास पोकळ हातोडीने ठोकून काढल्या, आणि तीही बारूद गवतात गेली. आता तिथलं गवत जास्त हिरवं आहे असं ओइवा सांगतो, पण ओइवा काहीही सांगतो.

मग तिने नवी बारूद घेतली, अगदी खालच्या वजनापासून. प्रत्येक बाराला ती पुंगळीवर जादा दाबाची खूण शोधायची: बुडाची टोपी चपटी तर झाली नाही? बोल्ट सहज उचलला जातोय ना? मगच पुढची पायरी, तीही चिमटीभर. सुरुवातीला गोळ्या खाली, विखरून लागल्या आणि ओइवाच्या जिभेला आयतंच खाद्य मिळालं. पण एका पायरीवर तीन भोकं एकमेकांना चिकटून पडली. ओनेर्वा तिथेच थांबली.

"अजून घाल की थोडी. ताइस्तो जास्त घालायचा."

"ताइस्तोची बारूद वेगळी होती, ओइवा."

हे वाक्य तिने इतकं सहज उच्चारलं की तिचं तिलाच नवल वाटलं.

परीक्षेच्या रविवारी लाकडी मूसच्या छातीवरच्या वर्तुळात तिच्या चारही गोळ्या बसल्या. बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकाने दुर्बिणीतून पुन्हा एकदा पाहिलं.

"या जुन्या नळीतून असा नेम! काडतुसं कुणी भरली?"

चाळीस वर्षं या प्रश्नाला तिचं एकच उत्तर ठरलेलं होतं, आणि ते ओठांवर आलंही. ओइवाने मान खाली घातली.

"मी," ओनेर्वा म्हणाली.