पाण्याच्या रेघेखालचा संसार

सुमनमावशी भिंतीला ब्रश लावण्याआधी दार वाजवून विचारायची, "इथं कोण राहतं?" दुकानाची पाटी असो की मोर्चाचा फलक, तिची पद्धत हीच. राहायची अंबरनाथ पूर्वेला, पाट्या रंगवायची उल्हासनगरच्या दुकानांच्या. नवऱ्यामागे त्याचा धंदा तिनं चालवला. मी मोर्चांची पत्रकं काढायचे, म्हणून मला ती 'पत्रकवाली' म्हणायची. त्यात कौतुक अजिबात नसायचं.

त्या पावसाळ्यात मांजर्लीत नदी घरांत शिरली. साहेब पंचनाम्याला येणार म्हणून भाडेकरूंच्या चाळीतल्या बायांनी चिखल उपसला, फरशा घासल्या, भिंती धुतल्या. सरकारी माणूस येणार, त्याला घाण घर कसं दाखवायचं? साहेबांनी चकाचक खोल्या पाहिल्या. "इथं नुकसान कुठंय?" म्हणाले आणि बाराही घरं भरपाईच्या यादीतून उडवली! तक्रार केली तेव्हा सोमवारी पुन्हा यायला कसेबसे तयार झाले. मी संतापून 'जाहीर निषेध' छापून आणला.

मावशीनं पत्रक वाचलं. "निषेध कळला गं. पण चाळीतल्या कमलची शिलाई मशीन कुठंय यात?"

मग तिनं निळ्या रंगाचा डबा उघडला. प्रत्येक बाईला दारात उभं करून पाणी कुठवर होतं ते हातानं दाखवायला लावलं आणि बारा घरांच्या भिंतींवरून एक रेघ ओढली. रेघेखाली ज्याचं जे गेलं ते काढलं: तांदळाची गोणी, दप्तर, मिक्सर, मशीन. कमल म्हणाली, "मावशी, चाक उजवीकडं असतं." मावशीनं अख्खी मशीन पुसली. "एक चाक खोटं निघालं तर सगळी भिंत खोटी ठरेल."

सोमवारी साहेब वैतागले. "चित्र म्हणजे काय पुरावा?"

कमल पुढे झाली, भिंतीला पाठ लावून उभी राहिली. रेघ तिच्या हनुवटीला लागली. "पाणी इथवर होतं, साहेब. पोरगी खांद्यावर. तुम्ही असता तर मशीन उचलली असती?"

साहेबांनी वही उघडली. पायरीवर बसून त्यांनी पहिल्या दारापासून लिहायला घेतलं. मी मोर्चे पाहिलेत, घेराव पाहिलेत. सरकारला असं खाली बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

यादी लागली तेव्हा मी पेढे घेऊन धावले. मावशी यादीवरून बोट फिरवत होती.

"दहाच आहेत. दोघी राहिल्या."

"अगं, आधी तोंड तर गोड कर!"

"तू कर," म्हणाली, आणि त्या दोघींना हाका मारत कचेरीच्या वाटेला लागली. पेढ्यांचा पुडा तसाच ठेवून मी तिच्यामागे निघाले.

मावशी आता नाही. मी अजून तिच्यामागेच चालतेय.