काल काय खाल्लं?

बावीस वर्षं अंगणवाडीत काढली. रजिस्टरं गेली, मोबाईल आला, आणि आता पायांबरोबर बोटंही दुखतात. पुंडलिकनगरच्या मागच्या गल्ल्यांत मी दारोदार फिरते, गरोदर बायांना विचारते, काल काय खाल्लं? त्या सांगतात तशा मी ॲपमध्ये खुणा करते: डाळ, पालेभाजी, अंडं, दूध. खुणा पुरेशा झाल्या की नाव हिरवं. लाल राहिलं तर त्या बाईला रोज दोन उकडलेली अंडी मिळतात.

एका पत्र्याच्या खोलीत पैठणकडची एक पोर राहायची. सातवा महिना. नवरा सेंटरिंगच्या कामावर, घरात सासू. विचारलं की घडाघडा सांगायची, वरण, मेथी, अंड्याची पोळी. चौथ्या महिन्यापासून सलग तीन महिने हिरवी. मला बरं वाटायचं, एक तरी घर धड आहे. पण तिचं वजन काही हलेना. मी काट्यालाच दोष दिला, स्वतः चढून पाहिलं. माझं मेलं बरोबर दाखवलं.

एकदा सासू दळण आणायला गेलेली बघून मी पोरीला खोदून विचारलं.

"रांधलं ते सांगत होते ताई," ती म्हणाली. "त्या दोघांना वाढलं की सरतंय. मला भाकर-चटणी लई झाली. आन् दारात आलेल्या माणसाला घरात काय नाय म्हणून सांगावं का?"

मला माझाच राग आला. मी स्वतः जन्मभर सगळ्यांच्या मागून जेवत आले, तळाशी उरेल ते खात आले, आणि मलाच हे कळू नये? तिथंच बसून नाव लाल केलं.

दुसऱ्या दिवशी अंडी घेऊन गेले तर सासू दारात आडवी. "सुनेला उपाशी ठेवतो असं लिहिलं का आमचं?"

आतून पोर म्हणाली, "ताईची चूक झाली असंल. मी पोटभर जेवते."

भांडायचं त्राण नव्हतं. मी खोटंच बोलले, "सातव्या महिन्यात सगळ्यांनाच देतात, मावशी. पण माझ्यासमोर खायचा नियम आहे." आणि उंबऱ्यावर बसकण मारली.

सासू बाजूला झाली. पोरीनं भिंतीकडं तोंड केलं आणि दोन्ही अंडी मिठाशिवाय, पाण्याशिवाय खाल्ली. मग टरफलाला चिकटलेला पांढरा भाग नखानं काढून खाल्ला. एवढी भूक मी तीन महिने हिरवी दाखवत होते.