मेला त्यानं चारा टाकायचा

त्या डिसेंबरात विंचूरला अशी थंडी पडली होती, की कांद्याच्या रोपाला हात लावला तरी बोटं बधिर व्हायची. पातीवर दव, वाफ्यात चिखल, अन् बोलणाऱ्या बाईच्या तोंडातून वाफ. संध्या सकाळी सातलाच वाफ्यात बसली होती. मूठभर रोपं उपटायची, माती झटकायची, जुडी बांधायची. आठ वाजले तशी ती उठली.

"काय गं, निघाली?" टोळीची मुकादमीण सखुबाई ओरडली. "अर्धा रोज कापीन बरं का!"

"काप मावशी. दहाला लाइट जाती."

"लाइटीशी काय तुझं? पिच्चर बघती का?"

"व्हिडिओ गेम खेळायचाय. सोमासंगं."

बाया फिदीफिदी हसल्या. "चोवीस वर्सांची घोडी झाली, अन्..." सखुबाईनं सुरुवात केली, पण सोमाचं नाव कानात उतरलं तशी तिची जीभ अडली. "जा बाई," ती हळू म्हणाली. "जा तू."

सोमनाथ संध्याचा धाकटा भाऊ. दोन वर्षांपूर्वी हायवेला टेम्पोनं त्याची मोटरसायकल उडवली. दवाखान्यातून घरी आला तेव्हा हाडं सगळी जुळलेली होती, पण आतला माणूस तेवढा आला नव्हता. ताट दिलं तर जेवायचा, ऊठ म्हटलं तर उठायचा. बोलणं नाही, ओळख नाही. बाप आधीच गेलेला. आई गेली त्या दिवशी तिरडीशेजारी बसून सोमा पाव खात होता. संध्याला दोन स्थळं आली ती भावाला बघून परत गेली. ते तिनं मनावर घेतलं नाही. तिला एकच पाहिजे होतं. सोमानं एकदा, पूर्वीसारखं, "आक्के" म्हणावं.

लहानपणीच्या वस्तू दाखवा, एखादी लागू पडते, असं डॉक्टर म्हणाले होते. तिनं शाळेचा सदरा दाखवला, पतंगाच्या मांज्याची आसारी दाखवली, बॅट हातात दिली. सोमानं बॅट मांडीवर घेतली अन् तशीच ठेवली, पाहुण्याचं पोर घ्यावं तशी. मग तिला गेम आठवला.

शहाण्णव साली बापानं नाशकाहून तो आणला होता. कॅसेटीवर लिहिलेलं, नऊ हजार नऊशे नव्याण्णव गेम. आत होते पाच. बाकी सगळे तेच, नावं बदलून. नऊ वर्षांच्या सोमानं चारशेपर्यंत एकेक उघडून बघितला, तेव्हा कुठं हार मानली. दोघांचा आवडता रणगाड्यांचा. विटांच्या भिंतीआड एक पाखरू असायचं. त्याचा पिवळा रणगाडा, तिचा हिरवा, अन् दोघांनी मिळून पाखरू राखायचं. आईची अट एवढीच, की म्हैस उपाशी राहता कामा नये. त्यातून बहीण-भावाचा कायदा निघाला. मेला त्यानं चारा टाकायचा. ज्याचे तीन रणगाडे जळाले त्यानं रिमोट ठेवून गोठ्यात पळायचं, अन् तोवर दुसऱ्यानं किल्ला लढवायचा. बहुतेक वेळा सोमाच मरायचा. पळता पळता ओरडायचा, "आक्के, पाखरू सांभाळ गं!"

तो गेम कधीच भंगारात गेला होता. म्हणून आदल्या दिवशी, बुधवारी, संध्या एसटीनं नाशकाला गेली, गोदावरीकाठी गंगेवरच्या बाजारात जुन्या वायरींच्या ढिगात हात घालून तिनं तसाच दुसरा काढला.

"चालू हाय ना दादा?"

"नाय चालला तर पुढच्या बुधवारी मी हितंच हाय, ताई. मला कोन नेतंय?"

आज वाफ्यातून घरी येऊन तिनं हातपाय न धुताच तो टीव्हीला जोडला. नुसत्या मुंग्या. मग तिनं गावातलं प्रत्येक पोर करायचं तेच केलं. कॅसेट काढली, तोंडाशी धरून जोरात फुंकली, पुन्हा बसवली. तिसऱ्या फुंकरीला सुरुवातीची ती धून वाजली.

भिंतीला टेकलेल्या सोमानं मान वर केली.

तिनं त्याच्या हातात रिमोट दिला. अंगठा हलला. पिवळा रणगाडा डावीकडं वळला, त्याची नेहमीची बाजू, अन् गोळी सुटली. संध्याला समोरचं दिसेना, डोळे भरून आलेले. पाखरू राखायचं सोडून ती त्याच्या अंगठ्याकडंच बघत राहिली. त्याचा एक रणगाडा जळाला. दुसरा. तिसरा.

सोमानं रिमोट खाली ठेवला अन् तो उठला. कुणी न सांगता. दोन वर्षांत पहिल्यांदा. अनवाणी बाहेर गेला. संध्या मागं धावली.

गोठा रिकामा होता, म्हैस दवाखान्यापायी विकलेली. सोमानं जळणाला रचलेली मक्याची चिपाडं कवळ्यात घेतली, कोरड्या गव्हाणीत टाकली अन् हात झटकले.

"सोमा," ती त्याच्यासमोर येऊन म्हणाली. "मी कोन हाय रे?"

त्यानं तिच्याकडं बघितलं. "आक्काला सांगा," तो म्हणाला. "चारा टाकला म्हनाव."

"अरे, मीच आक्का!"

त्यानं तिला खालपासून वरपर्यंत बघितलं. कोपरापर्यंत चिखल, डोक्याला फडकं, फुटलेले ओठ. मान हलवली. "नाय. आक्का आत हाय. खेळती."

अन् तो घरात गेला. पडद्यावर विटा फुटल्या होत्या, पाखरू गेलं होतं. त्यानं टीव्हीमागं बघितलं, कणगीमागं बघितलं, आईच्या खोलीत डोकावला. "आक्के!" तो हाका मारायला लागला. "आक्के! ए आक्के!"

तोच शब्द. हेलसुद्धा तोच. ती त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी होती.

तिनं त्याचा हात धरला, तर त्यानं तो सोडवून घेतला, परक्या बाईचा सोडवावा तसा, घाबरून.

दहाला लाइट गेली. सोमा उंबऱ्यावर जाऊन रस्त्याकडं तोंड करून बसला. दोन वर्षं त्यानं कुणाची वाट बघितली नव्हती. भूक नाही, दुःख नाही, निदान तेवढं तरी त्याला बरं होतं. आता तो वाट बघत होता. अन् हे वाट बघणं त्याच्या मागं तिनंच लावून दिलं होतं.

"बाई," त्यानं मागं वळून विचारलं, "आक्का कव्हा येईल?"

"येईल," संध्या म्हणाली. "शाळेत गेलीये."

थोड्या वेळानं त्यानं पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं. मग हात धुतले, चुलीवर तवा ठेवला, परातीत बाजरीचं पीठ घेतलं, अन् त्यात पाणी घालून मळायला बसली.