अनेरच्या पाण्यात घोडी

देश स्वतंत्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. शिरपूरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका दवाखान्यात मी नर्स म्हणून रुजू झाले. डोंगरातल्या पाड्यांवर बाळंतपणं करायला जावं लागे आणि तिथं सायकल चालत नसे. गावातल्या एका कापूसवाल्या शेतकऱ्यानं, सगळे त्यांना आबा म्हणत, आपली तांबडी घोडी मला वापरायला दिली.

मी आयुष्यात कधी घोड्यावर बसले नव्हते. आबा म्हणाले, "बाई, आधी तिले तुमना हात हुंगू द्या. बसानी घाई करू नका."

माझ्या हातांना कायम फिनेलचा वास. पहिल्या दिवशी घोडी फुरफुरली आणि तोंड फिरवून उभी राहिली. मी रोज सकाळी जाऊन तिच्या मानेवरून हात फिरवायचे, काहीबाही बोलायचे. हळूहळू मी गोठ्याशी आले की तिचे कान माझ्याकडे वळू लागले. मग मी बसायला शिकले. दोनदा पडलेही, दोन्ही वेळा ती जागची हलली नाही.

एका भादव्यात पाड्यावरून एक माणूस धावत आला. त्याची बायको आदल्या दिवसापासून अडली होती. आम्ही लगेच निघालो. अनेर नदीचा पूर ओसरला होता, पण पाणी गढूळ होतं. काठावर येताच घोडी थांबली. मागच्या वर्षी ती याच नदीत वाहून जाता जाता वाचली होती, हे मला आबांनी सांगितलं होतं.

"पानी मांडीइतलंच शे, बाई," तो माणूस म्हणाला, आणि पुढं उतरलासुद्धा.

मी लगाम ओढला नाही. मानेवर हात ठेवला आणि "चल गं" एवढंच म्हटलं. तिच्या कातडीखाली थरथर चाललेली मला मांड्यांना जाणवत होती. तरी तिनं पाय पाण्यात घातला. मध्यावर खड्डा लागला, पाणी एकदम तिच्या पोटावर चढलं, मागचा पाय घसरला. तेव्हा तिनं दोन्ही कान मागं, माझ्याकडे वळवले. मला तर काहीच माहीत नव्हतं, ना नदी, ना तळ. मीही घाबरले होते. पण बोलत राहिले, गोठ्यात बोलायचे तसंच. तिनं अंग सावरलं आणि आम्ही पलीकडे लागलो.

मूल पायाळू होतं. दुपार उलटून गेल्यावर ते रडलं, तेव्हा कुठं त्याच्या बापानं दाराबाहेरून बायकोला हाक मारली.

परतताना मी काठावर उतरले. एक काठी मागून घेतली आणि तळ चाचपत स्वतः पाण्यात शिरले. दोर हातात होता, घोडी मागून माझ्या पावलावर पाऊल टाकत आली.

मला कमरेपर्यंत भिजलेली बघून, घोडी जवळ असून पायी आले म्हणून आबा हसले. "घोडी शे ना जोडे, मंग पायी कसाले उनात?"

"आबा, सकाळी तिनं माझ्या शब्दावर पाण्यात पाय घातला," मी म्हणाले. "आणि मला त्या पाण्याचं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं."

आबांचं हसू थांबलं. त्यांनी घोडीच्या ओल्या पोटावरून हात फिरवला आणि तिला कोरडं करायला पोतं आणायला आत गेले.

त्यानंतर ती त्या नदीवर कधीच थांबली नाही. पाणी कितीही असो, मी वर असले की सरळ आत शिरायची. लोक कौतुक करायचे. मला मात्र त्याचं ओझं वाटायचं. ती थांबत होती तोवर निम्मी काळजी ती वाहत होती. आता सगळी माझ्यावर आली होती. दरवेळी काठावर मीच लगाम आवरायचे, पाणी कुठं फेसाळतंय, कुठं संथ आहे ते बघायचे. ती मान खाली करून शांत उभी राहायची, मी काय ठरवते त्याची वाट बघत.